सूरह कहफमधील चांदीचे नाणे आणि बाजारातील अन्न

मक्केतील विरोधकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर घेतलेल्या आक्षेपांपैकी एक आक्षेप आज वाचताना नवल वाटते. हा कसला प्रेषित, जो आपल्यासारखाच जेवतो आणि बाजारातून हिंडतो, असे त्यांचे म्हणणे होते. दिव्य कुरआनाने हा आक्षेप सूरह अल्-फुरकानमध्ये नोंदविला आहे (२५:७) आणि त्याच सूरहमध्ये त्याचे उत्तरही दिले आहे, की पूर्वीचे प्रेषितही जेवत असत व बाजारात त्यांचे जाणे-येणे असे (२५:२०). धर्म आणि बाजार ही दोन वेगळी जगे आहेत, असा विरोधकांचा समज होता. आज आपल्यातील पुष्कळांचा समजही फारसा निराळा नाही. नमाज, रोजा, जकात यांविषयी आपण आलिमांना बारकाईने विचारतो. परंतु संध्याकाळी मित्रांसोबत हॉटेलात बसलो की आपल्यापाशी एकच प्रश्न उरतो, ‘हलाल आहे ना?’ मालकाने मान हलविली की आपले समाधान होते.

हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारलाच पाहिजे. तथापि बाजारातील अन्नाविषयी कुरआनाने जो प्रश्न शिकविला आहे, तो याहून मोठा आहे. तोच आजच्या पाठाचा विषय होय.

आपल्या अहमदपूरचेच उदाहरण घेऊ. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ या गावावरून जातो आणि लातूर व नांदेड ही दोन्ही शहरे येथून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. साहजिकच येथे थांबणारा प्रवासी पुष्कळ. आपल्या बोलीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे; चहा, भजी, पुरीभाजी, सुशीला जेथे मिळते ती जागा. त्याला जोडून खानावळी, बिर्याणीच्या देगी, कबाबचे गाडे आणि अलीकडे शोरमाही आला आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, म्हणून खिचडी-खट्टा, बगारा खाना-दालचा, पाया आणि रमजानमधील हलीम हे पदार्थ येथे पाहुणे नाहीत, घरचेच आहेत. खट्ट्याची चिंच आपल्याच जिल्ह्यातील, पानचिंचोलीच्या चिंचेला तर भौगोलिक मानांकन लाभले आहे. आणि बोकडाचे मांस म्हणाल तर उस्मानाबादी शेळीची जात याच पट्ट्यातील. अल्लाहने दिलेल्या या देणग्या आहेत. त्यांचा आस्वाद घेणे हे पाप नव्हे. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि उत्तम अन्न निषिद्ध ठरविणारा कोण, असा प्रश्न कुरआनानेच केला आहे (७:३२). ‘बाहेर खाणे’ हा शब्द उच्चारताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही आयत अवश्य पाहावी.

आता मूळ आयतीकडे वळू. सूरह अल्-कहफ आपल्या अनेक घरांत दर शुक्रवारी वाचली जाते. गुहेत झोपलेले ते श्रद्धावंत तरुण जागे होतात. किती वेळ झोपलो यावर त्यांची चर्चा होते, एक दिवस की दिवसाचा काही भाग, यावर एकमत होत नाही, आणि मग ते तो वाद सोडून देऊन कामाचे बोलतात. आपल्यापैकी एकाला हे चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवावे. तेथे सर्वांत शुद्ध अन्न कोठे आहे ते त्याने पाहावे. त्यातून आपल्यासाठी जेवण आणावे. आणि वागण्यात सौम्यता ठेवावी, असे ते ठरवितात (१८:१९). त्यांच्या झोपेचा काळ कुरआनाने पुढे तीनशे आणि वर नऊ वर्षे सांगितला आहे (१८:२५). इतक्या वर्षांची भूक घेऊन उठलेली माणसे ‘जे मिळेल ते आण, लवकर आण’ असे म्हणत नाहीत. ती आधी शुद्धतेचा विचार करतात. आपण मात्र दुपारच्या जेवणाला दोन तास उशीर झाला तरी हा विचार गुंडाळून ठेवतो.

‘सर्वांत शुद्ध’ यासाठी आयतीत ‘अज्का’ हा शब्द आला आहे. जकात हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून हाही. प्राचीन भाष्यकारांनी याचे एकाहून अधिक अर्थ दिले आहेत. काही म्हणतात, त्या शहरात मूर्तींच्या नावे पशू कापले जात, म्हणून ज्याचा जबीहा वैध असेल असे अन्न शोधण्यास त्या तरुणाला सांगितले गेले. काही म्हणतात, तेथील सत्ता जुलमी होती, लोकांची मालमत्ता बळकावली जात असे, म्हणून ज्यामागे कोणाचा हक्क मारलेला नाही असे अन्न शोधावयाचे होते. आणखी काहींनी चांगले, स्वच्छ, पुरेसे असा अर्थ घेतला. हे अर्थ एकमेकांना खोडत नाहीत. एकाच ताटाकडे पाहण्याच्या त्या निरनिराळ्या बाजू आहेत. आपण यांपैकी पहिल्या अर्थापाशी थांबलो आहोत आणि दुसरा अर्थ, म्हणजे या घासामागे कोणाचा हक्क मारला गेला आहे काय, हा प्रश्न आपल्या टेबलापर्यंत पोहोचलेलाच नाही.

जबीहा आणि संशय

पहिल्या अर्थाविषयी थोडक्यात. आपल्या गावात बहुतेक ठिकाणी कोंबडी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत कापली जाते, बोकडाचे मांस ओळखीच्या खाटकाकडून येते. तेथे शंका काढत बसणे योग्य नव्हे. बुखारीतील एका हदीसमध्ये ह. आयेशा (रजि.) सांगतात की काही लोकांनी प्रेषित (स.) यांना विचारले, आमच्याकडे काही मंडळी मांस आणतात, त्यावर अल्लाहचे नाव घेतले आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नसते. हे मांस आणणारे नुकतेच इस्लाममध्ये आलेले होते. प्रेषितांनी सांगितले की तुम्ही स्वतः अल्लाहचे नाव घ्या आणि खा. मुसलमान विक्रेत्याविषयी चांगलाच समज बाळगावा, हे यातून स्पष्ट होते. परंतु हा दाखला देऊन कोठेही, कोणाचेही मांस खाण्यास मोकळीक आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. कापणारा कोण हेच माहीत नसेल, तर ‘वैध स्पष्ट आहे, निषिद्ध स्पष्ट आहे आणि दोहोंमध्ये संशयास्पद गोष्टी आहेत’ या आशयाची ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आठवावी आणि मासा, अंडी, डाळ, भाजी यांवर समाधान मानावे. पुण्याला, हैदराबादला शिकणाऱ्या मुलामुलींना हे आधीच समजावून सांगितलेले बरे. ऐनवेळी मित्रांच्या घोळक्यात निर्णय घेणे कठीण जाते. महामार्गावर जेथे भोजनालय आणि दारूचे दुकान एकाच छताखाली आहे, तेथे ज्या टेबलाभोवती दारू फिरते त्यावर बसण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे, हेही त्यांना माहीत असावे.

एक मुद्दा कायद्याचाही आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईप्रमाणेच बैल व वळू यांच्या हत्येवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. धर्माने जे वैध आहे पण देशाच्या कायद्याने ज्याला मनाई आहे, ते सोडून दिल्याने श्रद्धेत कोणतीही उणीव येत नाही. मात्र म्हशीचे मांस ‘मटन’ म्हणून बोकडाच्या भावाने विकणे ही निखळ फसवणूक होय, मग त्यावर अल्लाहचे नाव कितीही व्यवस्थित घेतलेले असो. येथेच आपण ‘अज्का’च्या दुसऱ्या अर्थाकडे येतो.

ढिगाखालचे ओले धान्य

प्रेषित (स.) एकदा मदीनेच्या बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी हात आत घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले असता तो म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की मग ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले (मुस्लिम). येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की धान्य हराम नव्हते. पाऊस पडणे हा त्या माणसाचा अपराधही नव्हता. ओले धान्य विकूच नकोस, असेही त्याला सांगितले गेले नाही. दोष होता तो फक्त वरच्या कोरड्या थराचा.

आपल्या हॉटेल व्यावसायिक बांधवांनी हा ढीग नजरेसमोर ठेवून आपली देग पाहावी. वर ताजे तुकडे, खाली कालचा भात. कालचा भात विकणे हा अपराध नव्हे, तो ताजा म्हणून विकणे हा अपराध होय. स्वस्तात देऊन तसे सांगितले तर घेणारे गरीब ग्राहक आहेत आणि ते दुवा देतील. वजनावर बिर्याणी विकणाऱ्यांनी तर सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन आयती गल्ल्यापाशी बसून समजून घ्याव्यात. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्याविषयीच त्या आहेत.

इस्लामी संस्कृतीने ही गोष्ट केवळ उपदेशावर सोडली नव्हती. बाजारावर देखरेख करणारा अधिकारी, ज्याला मुहतसिब म्हणत, त्याच्यासाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके आजही उपलब्ध आहेत. बाराव्या शतकात शाम देशातील अश्-शैजरी यांनी लिहिलेल्या पुस्तकात भटारी, मासे तळणारे, मिठाईवाले, हरीसा करणारे अशा एकेका धंद्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. हरीसा म्हणजे गहू आणि मांस रात्रभर शिजवून घोटलेला पदार्थ. आपल्या हलीमचा तो पूर्वज. रात्री हंडी चुलीवर असताना कोणी तिच्यातील मांस काढून घेऊ नये, म्हणून मुहतसिबने हंडीच्या तोंडावर आपली मोहोर लावावी आणि पहाटे आपल्यासमोर ती उघडून हरीसा घोटून घ्यावा, अशी सूचना त्यात आहे. आठ शतकांपूर्वीची ही दक्षता पाहिली की वाटते, रमजानमध्ये रस्तोरस्ती लागणाऱ्या हलीमच्या भट्ट्यांवर आज मोहोर कोणाची आहे?

कायद्याची मोहोर आज आहेच, फक्त ती आपल्याला वाचता येत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि २०११ पासून तो देशभर लागू आहे. चहाच्या टपरीपासून मोठ्या भोजनालयापर्यंत प्रत्येकाने त्याखाली नोंदणी करावयाची असते व तिचा चौदा अंकी क्रमांक असतो. तळणीच्या तेलाविषयी १ जुलै २०१८ पासून नियम आहे, की तेल वारंवार तापवून त्यातील विघटित घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते वापरता येत नाही. ही तपासणी उपकरणाने होते. पण काळे पडलेले, फेसाळणारे, कढई तापताच डोळ्यांना झोंबणारे तेल ओळखण्यास उपकरण लागत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधून देण्यासही मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. हे नियम सरकारी आहेत म्हणून ते धर्माबाहेरचे, असे मानणाऱ्या व्यापारी बांधवांनी विचार करावा की ओल्या धान्याची हदीस आणि काळ्या तेलाचा नियम यांत फरक तो काय?

ग्राहकाची बाजूही आहे. प्रेषितांनी कधी अन्नाला नाव ठेवले नाही. आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले, असे ह. अबू हुरैरा (रजि.) सांगतात. मीठ कमी, रस्सा पातळ, भात मोकळा नाही म्हणून चारचौघांत आचाऱ्याची अब्रू काढणे, फोनवरून गावभर त्याची बदनामी करणे, हा प्रेषितांचा मार्ग नव्हे. चवीविषयी मौन आणि फसवणुकीविषयी स्पष्ट बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच आदर्शातून शिकावयाच्या आहेत. फसवणूक आढळली तर आधी मालकाला बाजूला घेऊन सांगावे. मानले नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यात कोणतीही निंदा नाही.

धूर आणि उष्णता सोसणारा

आता त्या माणसाकडे पाहू, ज्याच्याकडे जेवताना आपली नजर जात नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे, की तुमचा सेवक तुमच्यासाठी जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवावे. ते जमत नसेल तर त्याला एक-दोन घास तरी द्यावेत, कारण त्याने त्या अन्नासाठी उष्णता व कष्ट सोसले आहेत. काही कथनांत धुराचाही उल्लेख आहे. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार जेवणाऱ्याने करावा, हे शिकवणारी ही केवढी सूक्ष्म हदीस आहे! मे महिन्यात आपल्या भागात भट्टीसमोर दहा तास उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची इब्ने माजामधील हदीस तर सर्वांना पाठ आहे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हणून कामगाराचा पगार अडविणाऱ्या मालकाच्या हॉटेलवर हलालची पाटी असेल, तर ‘अज्का’ची कसोटी तेथे लागली का?

आणि या सर्वांत लहान असतो तो पोऱ्या. फडका मारणारा, पाण्याचे पेले उचलणारा, दिवसातून शंभर वेळा ‘ए पोऱ्या’ ऐकणारा. ढाबे, हॉटेल, चहाच्या टपऱ्या येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच धंद्यांना लागू झाली. अपवाद आहे तो शाळा सांभाळून घरच्या कामात मदत करण्याचा. काही मालक म्हणतात, पोरगा अनाथ आहे, आम्ही ठेवले नाही तर उपाशी मरेल. त्यांच्या मनातील दया खरी असू शकते. पण अनाथाला पोसण्याचे जे पुण्य इस्लामने सांगितले ते त्याच्या श्रमाच्या बदल्यात नव्हे. त्याला दोन वेळचे जेवण द्या आणि शाळेत पाठवा. मग ते पुण्य होईल.

ह. अनस (रजि.) यांना त्यांच्या मातेने वयाच्या सुमारे दहाव्या वर्षी प्रेषितांच्या सेवेत दिले. पुढे ते सांगत की दहा वर्षांच्या सेवेत प्रेषितांनी मला कधी साधे ‘उफ्’ही म्हटले नाही, हे का केलेस, ते का केले नाहीस, असे कधी विचारले नाही. ते मूल शिकून मोठे झाले आणि दोन हजारांहून अधिक हदीस त्याने उम्मतपर्यंत पोहोचविल्या. आपल्या टेबलावर पाणी सांडले म्हणून ज्याच्यावर आपण ओरडतो, त्याच्यात काय दडले आहे हे कोणाला ठाऊक? निदान त्याला नावाने हाक मारावी. बक्षिसी द्यावयाची तर त्याच्या हातात द्यावी. मोठ्या शहरांत काही ठिकाणी बिलातच सेवाशुल्क जोडले जाते. ते सक्तीने घेता येत नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते मान्य केले. ते नाकारण्याचा हक्क आपल्याला आहे, पण नाकारलेली रक्कम खिशात घालताना ताट आणून देणाऱ्याचा चेहरा आठवावा.

सर्वांचे एक नाणे

आयतीतील नाणे एकाचे नव्हते, ते तरुण त्याला आपल्या सर्वांचे म्हणतात. यावरून विद्वानांनी दोन गोष्टी वैध ठरविल्या: एकाने इतरांच्या वतीने खरेदी करणे आणि सर्वांनी पैसे एकत्र करून सोबत जेवणे. कोणी एक घास जास्त खातो, कोणी कमी, तरी तो अन्याय ठरत नाही. अश्अरी कबिल्याच्या लोकांचे प्रेषितांनी कौतुक केले ते याच कारणासाठी. प्रवासात किंवा गावात धान्य कमी पडले की ते सर्वांकडचे एका कापडात गोळा करून सारखे वाटून घेत. आपली तरुण मंडळी वर्गणी काढून जेवायला जातात ती या जुन्या पद्धतीचीच आवृत्ती होय. मात्र त्यात एक खोट शिरली आहे. घोळक्यात एखादा मित्र असा असतो ज्याचे वडील मजुरीला जातात. तो लाजेखातर दोनशे रुपये काढतो आणि घरी आईला काय सांगतो, हे बाकीच्यांना कळत नाही. अश्अरींनी सारखे वाटून घेतले, सारखे काढले नव्हते, हा फरक ध्यानात घ्यावा.

उधारीविषयीही सांगितले पाहिजे. चहाच्या हॉटेलातील वहीत दहा-दहा रुपये मांडत जाणे आपल्याला कर्ज वाटतच नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची आयत (२:२८२) कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि कर्ज फेडण्याची सोय न ठेवता मरण पावलेल्या एका माणसाच्या जनाजाची नमाज प्रेषितांनी, ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेईपर्यंत, पढविली नव्हती. ती रक्कम अवघी दोन-तीन दीनार होती. खानावळीचा महिना ठरवून त्यातले खाडे वजा करण्याचा व्यवहार, किंवा ठराविक रकमेत पोटभर थाळी, यांत माल नेमका किती ते ठरत नाही म्हणून काही जण शंका घेतात. जुन्या फकीहांनी हमामखान्याचे शुल्क याच कारणास्तव वैध मानले होते, की तेथेही कोण किती पाणी वापरील हे ठरलेले नसते पण रूढी सर्वांना ठाऊक असते. तेव्हा याविषयी मन साशंक करण्याचे कारण नाही.

पोटभर थाळीत गैर आहे ते पानात टाकून देणे. आणि पाण्याविषयी तर लातूर जिल्ह्यातील माणसाला वेगळे सांगावे लागू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. तरीही हॉटेलात बसताच भरलेले पेले समोर यावेत आणि उठताना अर्धे तसेच राहावेत, ही आपली सवय मोडलेली नाही. प्रेषित एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करीत.

सौम्यता

‘वल्-यतलत्तफ’, म्हणजे त्याने सौम्यतेने वागावे, हा त्या आयतीतील शब्द आपल्याकडील अनेक प्रतींमध्ये ठळक अक्षरांत छापलेला असतो, कारण अक्षरांच्या मोजणीनुसार कुरआनाचा मध्य तेथे येतो असे मानले जाते. शहर शत्रूंचे आहे अशी समजूत असताना, पकडले गेलो तर दगडांनी मारतील ही भीती असताना, त्या तरुणाला सौम्यतेची ताकीद दिली जाते. आपल्या काळात दुकानाच्या पाटीवरील नावावरून, मालकाच्या धर्मावरून वाद उभे केले जात आहेत. मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मांसाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली, तेव्हाही बरीच कटुता पसरली. आपण आपल्या ताटातील मांसाविषयी चौकशी करतो, तसा तो हक्क इतरांनाही आहे. त्यात रागावण्यासारखे काही नाही. ज्यात मांस नाही असे अन्न कोणाच्याही दुकानातून घेण्यास शरीअतची आडकाठी नाही, आणि वर्षानुवर्षे ज्या हिंदू बांधवाच्या हॉटेलात आपण चहा पितो, तेथे जाणे कोणाच्या सांगण्यावरून सोडणे हे सौम्यतेच्या उलट आहे.

एका प्रवासात प्रेषितांचे साथी तहानेने व्याकूळ झाले असता त्यांना पाण्याच्या पखाली घेऊन जाणारी एक बहुदेववादी स्त्री भेटली. तिच्या पखालीतील पाणी सर्वांनी घेतले, आणि पखाली पूर्वीसारख्याच भरलेल्या राहिल्या. तरी प्रेषितांनी तिच्यासाठी खजूर, पीठ, सत्तू गोळा करविले आणि ते कापडात बांधून तिच्या उंटावर ठेवण्यात आले (बुखारी).

‘आणि ही?’

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या गावातील पुरुषांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. मदीनेत प्रेषितांचा एक शेजारी इराणी होता आणि तो रस्सा फार उत्तम बनवीत असे. एकदा त्याने प्रेषितांसाठी रस्सा केला आणि बोलवायला आला. प्रेषितांनी ह. आयेशा (रजि.) यांच्याकडे निर्देश करून विचारले, आणि ही? तो नाही म्हणाला. प्रेषितांनीही नकार दिला. तो पुन्हा बोलवायला आला. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच नकार. तिसऱ्या वेळी तो हो म्हणाला (मुस्लिम).

आपल्याकडे इशाच्या नमाजनंतर हॉटेले पुरुषांनी भरलेली असतात. घरात जेवण तयार असते, ते झाकून ठेवलेले असते, आणि ते शिजविणारी जागी असते. महिन्यातून एकदा तिच्या वाट्याला पार्सल येते, तेही थंड झालेले. पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचेही पुण्य आहे, असे प्रेषितांनी ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सांगितले होते, तो घास अर्ध्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेला असावा, असा त्याचा अर्थ नसावा. हॉटेलात स्त्रियांना बसण्याजोगी जागा नसते, ही सबब खरी आहे. मग ती जागा करण्यास मालकाला सांगणारे कोण? आडपडदा असलेली दोन टेबले, स्वच्छ हात धुण्याची जागा आणि नमाजची वेळ झाली तर एका कोपऱ्यात चटई, इतकेच लागते. ज्या हॉटेलात हे नाही तेथे ‘आणि ही?’ असे विचारून उठून येणारे चार ग्राहक निघाले, तर पाचव्या आठवड्यात मालक सुताराला बोलावील.

त्या इराणी शेजाऱ्याने तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर प्रेषित (स.) आणि ह. आयेशा (रजि.) उठले आणि एकामागे एक चालत त्याच्या घरी पोहोचले.